वाचकांचे प्रश्न: जर्नल केलेल्या फाइली बॅकअपमधून परत आणताना

या वेळी आयबीएम आय या प्रणालीवर काम करणाऱ्या वाचकांची जी पत्रे आली, ती जवळजवळ सगळी एकाच विषयाची होती. म्हणून सदराची पूर्ण जागा त्या विषयालाच दिली आहे. १९८८ साली एएस/४०० या नावाने आलेल्या या मध्यम आकाराच्या संगणकाचे नाव पुढे आयसिरीज, मग सिस्टिम आय आणि २००८ पासून आयबीएम आय असे बदलत गेले, पण जर्नलिंगची मूळ रचना तीच राहिली. या प्रणालीत फाइल, प्रोग्राम अशा प्रत्येक गोष्टीला ऑब्जेक्ट म्हणतात आणि ऑब्जेक्ट ज्या गटात ठेवतात त्याला लायब्ररी. फाइलमधला प्रत्येक बदल जर्नल या ऑब्जेक्टमार्फत जर्नल रिसीव्हर या दुसऱ्या ऑब्जेक्टमध्ये क्रमाने नोंदला जातो. जर्नल हे केवळ दार आहे आणि नोंदींचा खरा साठा रिसीव्हरमध्ये असतो. ज्या रिसीव्हरमध्ये चालू नोंदी पडतात तो ‘जोडलेला’, आणि नवा जोडल्यावर मागे राहतो तो ‘सुटलेला’ रिसीव्हर. कमांडची नावे संक्षेपात न देता पूर्ण दिली आहेत. ज्यांना संक्षेपच पाठ आहेत, त्यांना ती प्रॉम्प्ट स्क्रीनच्या शीर्षकावरून ओळखता येतील.

प्रश्न: आमच्याकडे दर रविवारी रात्री पूर्ण लायब्ररीचा बॅकअप होतो आणि इतर रात्री ‘सेव्ह चेंज्ड ऑब्जेक्ट्स’ ही कमांड चालते. गेल्या गुरुवारी दुपारी एका सहकाऱ्याने चाचणीची लायब्ररी समजून चालू लायब्ररीतील ऑर्डरची फाइल ‘क्लिअर फिजिकल फाइल मेंबर’ने रिकामी केली. बुधवारच्या टेपवरून फाइल परत आणायला गेलो, तर ती टेपवर नव्हतीच. मंगळवारच्या आणि सोमवारच्या टेपवरही नव्हती. रविवारची प्रत तेवढी सापडली. फाइल जर्नल केलेली आहे. मधल्या दिवसांचा डेटा कुठे गेला, आणि तो परत कसा आणायचा?

उत्तर: आपल्या टेपमध्ये दोष नाही आणि कमांडही बिघडलेली नाही. ‘सेव्ह चेंज्ड ऑब्जेक्ट्स’ या कमांडमध्ये जर्नल केलेल्या ऑब्जेक्टांचे काय करायचे हे सांगणारा एक पॅरामीटर असतो आणि त्याचे ठरावीक मूल्य ‘नाही’ असे असते. आपण ते बदलले नसेल, तर जी फाइल जर्नल होत आहे, ती बदललेली असूनही कमांड तिला वगळते. यामागचा विचार असा, की अशा फाइलचे बदल रिसीव्हरमध्ये आहेतच आणि रिसीव्हर आपण रोज सेव्ह करत असणारच, मग लाखो रेकॉर्डची फाइल रोज पुन्हा टेपवर कशाला लिहायची. विचार योग्य आहे. मात्र रिसीव्हर खरोखर सेव्ह होतात की नाही हे ती कमांड पाहत नाही. म्हणून आपल्या रोजच्या टेपवर जर्नल न केलेल्या लहानसहान फाइली मिळतील आणि ज्या फाइलीवर सगळा व्यवहार चालतो तीच मिळणार नाही.

तेव्हा मधल्या दिवसांचा डेटा रिसीव्हरमध्ये असला पाहिजे. तो तेथे आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. ‘वर्क विथ जर्नल अ‍ॅट्रिब्यूट्स’ या स्क्रीनवर एफ१५ दाबल्यावर रिसीव्हरांची यादी येते. रविवारच्या बॅकअपच्या वेळी जोडलेला जो रिसीव्हर होता, त्याच्यापासून गुरुवार दुपारपर्यंतचे सगळे रिसीव्हर एकही न गाळता त्या यादीत असले, तर काहीच गमावलेले नाही आणि रविवारची फाइल सोडता टेपला हात लावण्याचीही गरज नाही. काही रिसीव्हर डिस्कवरून काढून टाकलेले असतील, तर ते टेपवरून परत आणावेत. जर्नल जागेवर असल्यामुळे ते आपोआप साखळीत आपल्या जागी बसतात. पण जर्नल तयार करताना रिसीव्हर सुटल्यावर तो सिस्टिमने स्वतः काढून टाकावा असा पर्याय कोणी दिला असेल, तर रिसीव्हर सेव्ह झालेला आहे की नाही याची वाट न पाहता तो पुसला जातो. हाताने पुसताना सिस्टिम निदान एकदा विचारते, येथे तेही विचारत नाही. जर्नल केवळ कमिटमेंट कंट्रोलसाठी (एका व्यवहारातील सगळे बदल एकत्र पक्के, म्हणजे कमिट, व्हावेत किंवा एकत्र रद्द व्हावेत यासाठी) ठेवले असेल तर हा पर्याय चालतो, परंतु ज्या जर्नलवर बॅकअपचा भार आहे त्याला तो देणे हा निष्काळजीपणा आहे. साखळीतील मधला एक रिसीव्हर जरी नसला, तरी बदल त्याच्या अलीकडेपर्यंतच चढवता येतात; पलीकडचे रिसीव्हर शाबूत असूनही या कामाला उपयोगी पडत नाहीत.

साखळी पूर्ण आहे असे धरून पुढे जाऊ. गुरुवारनंतरही त्या फाइलमध्ये नव्या ऑर्डरी पडत असतील, म्हणून आधी सर्वांचे काम थांबवून आत्ताची फाइल ‘कॉपी फाइल’ने दुसऱ्या लायब्ररीत उतरवून ठेवावी. हे काम सेव्ह कमांडने करू नये. शेवटचा सेव्ह कोणता, या प्रश्नात विनाकारण गोंधळ होतो. त्यानंतर ‘चेंज जर्नल’ने नवा रिसीव्हर जोडावा आणि सुटलेले सगळे रिसीव्हर टेपवर घ्यावेत, म्हणजे पुढे काही चुकले तरी पुन्हा येथूनच सुरुवात करता येईल. मग रविवारची फाइल तिच्याच लायब्ररीत, तिच्याच जागी रिस्टोअर करावी. आत्ताची फाइल आधी डिलीट करण्याची गरज नाही.

आता खरा नाजूक भाग. बदल चढवण्याची कमांड ‘अप्लाय जर्नल्ड चेंजेस’ ही आहे. तिची ठरावीक मूल्ये जशीच्या तशी ठेवली, तर ती शेवटच्या सेव्हपासून सुरुवात करते आणि शेवटच्या रिस्टोअरच्या नोंदीपाशी थांबते. डिस्क बिघडली असेल तर हेच हवे असते. आपल्या बाबतीत मात्र या दोन टोकांच्या मध्ये फाइल रिकामी केल्याची नोंदही आहे, आणि कमांड ती नोंदही तितक्याच इमानाने चढवील. चार दिवसांचे बदल चढवून झाल्यावर फाइल पुन्हा रिकामी होईल. म्हणून ‘डिस्प्ले जर्नल’ने त्या फाइलच्या गुरुवार दुपारच्या नोंदी काढाव्यात. नोंदींमध्ये एफ या कोडखाली सी-आर या प्रकारची नोंद दिसेल, ती मेंबर (फाइलमधला प्रत्यक्ष रेकॉर्ड ठेवणारा भाग) रिकामा केल्याची. तिच्यात जॉबचे नाव, युजर आणि प्रोग्राम हेही सापडेल. तिचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि ‘अप्लाय’ कमांडच्या शेवटच्या नोंदीच्या जागी त्याच्या अलीकडचा क्रमांक द्यावा. दिलेला शेवटचा क्रमांक स्वतः चढवला जातो, म्हणून सी-आरचाच क्रमांक देऊन चालणार नाही. वेळ देऊन थांबवण्याची सोयही कमांडमध्ये आहे, परंतु एकाच सेकंदात अनेक नोंदी पडतात आणि सिस्टिमचे घड्याळ कधीतरी मागेपुढे केलेले असते. अनुक्रमांकाबद्दल असा संशय राहत नाही.

एक शंका आपल्या मनात येईल, की सी-आरची तेवढी एक नोंद वगळून पुढच्याही नोंदी चढवता आल्या तर नव्या ऑर्डरींचेही काम एका फटक्यात होईल. तसे करता येत नाही, आणि जमवून आणले तरी ते घातक ठरेल. जर्नलमधील नोंद ऑर्डर क्रमांकाने रेकॉर्ड शोधत नाही; मेंबरमधील कितवे रेकॉर्ड, त्या सापेक्ष रेकॉर्ड क्रमांकाने ती काम करते. फाइल रिकामी झाल्यावर आलेली पहिली ऑर्डर पहिल्या क्रमांकाच्या जागेवर बसली आहे. रिस्टोअर केलेल्या फाइलमध्ये त्या जागी जुनी ऑर्डर आहे. म्हणूनच गुरुवारनंतरच्या ऑर्डरी जर्नलमधून न घेता, बाजूला ठेवलेल्या प्रतीतून ‘कॉपी फाइल’च्या शेवटी जोडण्याच्या पर्यायाने घालाव्यात. घालण्यापूर्वी तेच ऑर्डर क्रमांक दोन्हीकडे आलेले नाहीत ना हे अवश्य पाहावे, कारण नवा क्रमांक फाइलमधील सर्वांत मोठ्या क्रमांकावरून काढणारे प्रोग्राम अजूनही पुष्कळ ठिकाणी चालू आहेत आणि रिकाम्या फाइलवर ते पुन्हा एकपासून मोजू लागतात.

ऑर्डरीच्या तपशिलाची फाइल, साठ्याची फाइल वगैरे ज्या रिकाम्या झालेल्या नाहीत, त्यांना हात लावू नये. फाइल रिकामी करण्याच्या क्षणी ती कोणी बदल करण्यासाठी उघडलेली असती, तर ती कमांड चाललीच नसती. त्यामुळे अर्धवट व्यवहार मध्ये अडकण्याची भीती येथे नाही. सगळे पार पडल्यावर फाइलचा ताजा सेव्ह घ्यावा आणि रोजच्या कामात एक भर घालावी: रात्री ‘चेंज जर्नल’, आणि लगेच सुटलेल्या रिसीव्हरांचा सेव्ह. ‘सेव्ह चेंज्ड ऑब्जेक्ट्स’चा तो पॅरामीटर ‘होय’ करावा की नाही, हा टेपच्या वेळेचा प्रश्न आहे. फाइली फार मोठ्या नसतील तर मी ‘होय’च करीन.

प्रश्न: जुने मशीन बंद पडल्यामुळे आम्ही सगळे नव्या मशीनवर रिस्टोअर केले. डेटाची लायब्ररी वेगळी आणि जर्नल व रिसीव्हरांची लायब्ररी वेगळी आहे. डेटा तातडीचा म्हणून तो आधी आणला, जर्नलची लायब्ररी नंतर. आता फाइली आहेत, जर्नल आहे, रिसीव्हर आहेत, पण फाइली जर्नल होत नाहीत आणि ‘अप्लाय’ कमांड त्यांना स्वीकारत नाही. ‘स्टार्ट जर्नल फिजिकल फाइल’ दिली की काम होईल का?

उत्तर: ती कमांड कृपया देऊ नका, निदान आत्ता नाही. जर्नल होणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्टला सिस्टिम एक अंतर्गत ओळख देते, जिला जर्नल आयडेंटिफायर म्हणतात. रिसीव्हरमधील नोंदी फाइलच्या नावाशी बांधलेल्या नसून या ओळखीशी बांधलेल्या असतात. जर्नलिंग नव्याने सुरू केले की नवी ओळख मिळते, आणि जुन्या नोंदींच्या दृष्टीने ती फाइल परकी होते. नाव तेच, लायब्ररी तीच, मजकूरही तोच. तरी नोंदी तिच्यावर चढत नाहीत.

सेव्हच्या वेळी जर्नल होत असलेली फाइल रिस्टोअर करताना सिस्टिम तिचे जर्नल जागेवर आहे का ते पाहते. असेल तर जर्नलिंग आपोआप पुन्हा सुरू होते आणि जुनी ओळख टिकते. नसेल तर फाइल येते, संदेश येतो, पण जर्नलिंग सुरू होत नाही. आपल्याकडे हेच झाले. उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे: या फाइलींवर अजून कोणी काम केलेले नसेल, तर त्या डिलीट करून आता जर्नल जागेवर असताना पुन्हा रिस्टोअर करा. क्रम असा असावा, की आधी जर्नल, मग फिजिकल फाइली (ज्यांत प्रत्यक्ष डेटा असतो), मग त्यांच्यावर आधारलेल्या लॉजिकल फाइली (ज्या तोच डेटा वेगळ्या क्रमाने किंवा निवडून दाखवतात). रिसीव्हर जर्नलनंतर केव्हाही आले तरी चालतात. सगळे एकाच लायब्ररीत असते तर हा क्रम सिस्टिमने स्वतःच पाळला असता. लायब्ररी वेगळ्या ठेवण्याला चांगली कारणे असतात, पण मग क्रमाची जबाबदारी आपल्यावर येते. लॉजिकल फाइली एका लायब्ररीत आणि त्यांच्या फिजिकल फाइली दुसऱ्या लायब्ररीत असतील, तर आवृत्ती ६.१ पासून रिस्टोअर कमांडमध्ये डिफर आयडी देता येतो. आधार न मिळालेल्या फाइली त्यामुळे बाजूला ठेवल्या जातात आणि शेवटी ‘रिस्टोअर डिफर्ड ऑब्जेक्ट्स’ या कमांडने बसवता येतात.

यानंतर रिसीव्हरांची साखळी तपासावी. जर्नल रिस्टोअर होताना सिस्टिम त्याला एक कोरा रिसीव्हर तयार करून जोडते, आणि तेथून नवी साखळी सुरू होते. टेपवरून आलेले रिसीव्हर आधीच्या साखळीत असतात. ते रिसीव्हर जर्नलच्या आधी रिस्टोअर झाले असतील, तर यादीत दिसणारच नाहीत. अशा वेळी ‘वर्क विथ जर्नल’च्या स्क्रीनवर पर्याय ९ देऊन रिसीव्हर जर्नलशी जोडून घ्यावेत. यादीत ते दिसू लागल्यावर ‘अप्लाय’ कमांडला रिसीव्हरांची मर्यादा आपण स्वतः सांगावी: फाइली सेव्ह झाल्या त्या वेळी जोडलेला रिसीव्हर पहिला, आणि टेपवरून आलेला शेवटचा तो शेवटचा. सुरुवात शेवटच्या सेव्हपासून आणि शेवट त्या मर्यादेतील अखेरच्या नोंदीपर्यंत. साखळी तुटलेली असताना ठरावीक मूल्यांवर विसंबू नये, आणि एकच अनुक्रमांक दोन साखळ्यांत सापडू शकतो हेही ध्यानात असावे. रिसीव्हरचे नाव दिल्याशिवाय नुसता क्रमांक येथे पुरेसा नसतो.

व्यवहार कमिटमेंट कंट्रोलखाली चालत असतील, तर बदल कमिटच्या सीमेपर्यंतच चढवण्याचा पर्याय ‘होय’ असावा आणि एकमेकींशी संबंधित सगळ्या फाइली एकाच कमांडमध्ये द्याव्यात. त्या जर्नलवर असलेल्या लायब्ररीतील सर्व फाइली एकदम घेण्याची सोय आहे, तीच वापरलेली बरी. एक फाइल आज आणि दुसरी उद्या वेगळ्या क्षणापर्यंत चढवली, तर ऑर्डर आहे पण तिचा तपशील नाही अशी अवस्था होते. फाइलींवर रेफरेन्शियल कन्स्ट्रेंट (एका फाइलमधील रेकॉर्डला दुसऱ्या फाइलमध्ये जुळते रेकॉर्ड असलेच पाहिजे असे नियम) असतील, तर शेवटी ‘एडिट चेक पेंडिंग कन्स्ट्रेंट्स’ ही स्क्रीन पाहण्यास विसरू नये. ट्रिगरबद्दल (फाइलमध्ये बदल झाला की आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामबद्दल) काळजी करण्याचे कारण नाही: बदल चढवताना ट्रिगर चालत नाहीत, आणि ट्रिगरने मूळ वेळी दुसऱ्या जर्नल केलेल्या फाइलमध्ये जे केले, ते त्या फाइलच्या नोंदींत आहेच.

मशीन बंद पडले त्या क्षणी जोडलेला रिसीव्हर आपल्या हाती असण्याची शक्यता कमी आहे. तो कधी सुटला नाही, म्हणून पूर्ण सेव्हही झाला नाही. नुकसान किती, हे त्या एका रिसीव्हरच्या आकारावर ठरते. रिसीव्हर दिवसातून एकदाच बदलत असाल तर दिवसभराचे काम गेले. दर तासाला बदलून मशीनबाहेर सेव्ह करत असाल तर जास्तीत जास्त तासाभराचे. रिसीव्हर डेटापासून वेगळ्या ऑक्झिलरी स्टोरेज पूलमध्ये, म्हणजे डिस्कांच्या वेगळ्या गटात, ठेवल्यास डेटाची डिस्क गेली तरी ते वाचतात, पण सगळे मशीनच गेल्यावर त्याचाही उपयोग नाही. एवढेही नुकसान परवडत नसेल, तर रिमोट जर्नल उभारून नोंदी त्या त्या क्षणीच दुसऱ्या मशीनवर पाठवाव्या लागतील.

प्रश्न: दर बदलणाऱ्या एका प्रोग्रामने चुकीचा दर लावून हजारो रेकॉर्ड बिघडवली. चूक दोन दिवसांनी लक्षात आली. रिस्टोअर करून त्या प्रोग्रामच्या आधीपर्यंतचे बदल चढवावेत, की ‘रिमूव्ह जर्नल्ड चेंजेस’ने मागे यावे?

उत्तर: दोन्ही मार्गांनी आपण एकाच ठिकाणी पोहोचाल, आणि तेथे पोहोचणे आपल्याला नको आहे. या दोन्ही कमांड फाइल एका क्षणाच्या अवस्थेला नेतात. एका जॉबचे बदल निवडून काढणे त्यांना जमत नाही. जॉबने फाइल उघडली किंवा बंद केली तेथे थांबण्याचा पर्याय आहे खरा, परंतु तो थांबण्याची जागा ठरवतो एवढेच. मधल्या दोन दिवसांत इतर सर्वांनी केलेले बरोबर कामही त्यात जाते. शिवाय जर्नलिंग सुरू करताना उघडण्या-मिटण्याच्या नोंदी वगळलेल्या असतील, तर हा पर्यायही हाती नाही. रेकॉर्ड बिघडल्यानंतर लगेच, इतर काम सुरू होण्याआधी चूक कळली असती, तर ‘रिमूव्ह’ हा झटपट उपाय होता. तेव्हाही एक अट होतीच: बदल मागे घेण्यासाठी बिफोर इमेज, म्हणजे रेकॉर्डची बदलापूर्वीची प्रतिमा, लागते आणि ‘स्टार्ट जर्नल फिजिकल फाइल’ ठरावीक मूल्यांनी दिली असता केवळ आफ्टर इमेज, म्हणजे बदलानंतरची प्रतिमा, नोंदली जाते. कमिटमेंट कंट्रोलखाली झालेल्या बदलांसाठी मात्र सिस्टिम दोन्ही इमेज ठेवते.

दोन दिवस लोटल्यानंतर जर्नलचा उपयोग पुराव्यासारखा करावा. ‘डिस्प्ले जर्नल’चे उत्तर स्क्रीनवर न घेता आउटपुट फाइलमध्ये घ्यावे, त्यातून त्या जॉबच्या आणि त्या प्रोग्रामच्या आर या कोडखालील बदलाच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. यू-बी ही बदलापूर्वीची आणि यू-पी ही बदलानंतरची प्रतिमा. आउटपुट फाइलमध्ये रेकॉर्डचा मजकूर एका सलग फील्डमध्ये येतो, त्याचे मूळ फाइलप्रमाणे तुकडे पाडावे लागतात. मूळ फाइलचे फील्ड पुढे जोडलेली एक फाइल तयार करून तिच्यात तो उतरवणे हा नेहमीचा मार्ग आहे. एसक्यूएलची सवय असेल तर क्यूसिस२ या सिस्टिमच्या लायब्ररीतील ‘डिस्प्ले जर्नल’ हे टेबल फंक्शन शोधण्यासाठी अधिक सोयीचे पडते. मग एक छोटा दुरुस्ती प्रोग्राम लिहावा, जो प्रत्येक रेकॉर्डचा आत्ताचा दर चुकीच्या दराशी ताडून पाहील आणि तो तसाच असेल तरच जुना दर परत लिहील. ज्या रेकॉर्डचा दर नंतर कोणी हाताने दुरुस्त केला, ती या तपासणीत आपोआप वगळली जातील. त्यांची यादी मात्र छापून घ्यावी आणि माणसाने पाहावी. चुकीच्या दराने दरम्यान तयार झालेल्या पावत्या हा संगणकाचा नव्हे, हिशेब विभागाचा प्रश्न आहे. पण त्या कोणत्या, हे जर्नलच सांगू शकते.

बिफोर इमेज नसल्या, तर जुना दर शोधण्यासाठी शेवटच्या सेव्हमधील प्रत वेगळ्या लायब्ररीत रिस्टोअर करून तिच्यातून तो घ्यावा, आणि सेव्हनंतर पण चुकीच्या प्रोग्रामपूर्वी बदललेल्या रेकॉर्डसाठी मधल्या यू-पी नोंदी पाहाव्यात.

प्रश्न: रिस्टोअरचा सराव म्हणून आम्ही त्याच मशीनवर फाइली चाचणीच्या लायब्ररीत रिस्टोअर केल्या. मूळ फाइली चालू होत्या. चाचणीच्या फाइलींवर बदल चढवायला गेलो, तर चढले नाहीत. बॅकअप खराब आहे का?

उत्तर: नाही. वर सांगितलेल्या ओळखीचाच हा परिणाम आहे. मूळ फाइल त्याच मशीनवर तीच ओळख घेऊन जिवंत असताना दुसऱ्या लायब्ररीत उतरलेल्या प्रतीला ती ओळख मिळू शकत नाही. एका ओळखीच्या दोन फाइली असल्या, तर नोंद कोणावर चढवायची हे सिस्टिमला ठरवता येणार नाही. ‘कॉपी फाइल’ने बनवलेल्या प्रतीचेही हेच. असा सराव वेगळ्या पार्टिशनवर (त्याच यंत्राच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागावर) किंवा वेगळ्या मशीनवर, लायब्ररींची नावे तीच ठेवून करावा. त्याच मशीनवर करायचाच असेल, तर त्यासाठी एक खोटी फाइल बनवावी, तिला स्वतंत्र जर्नलवर घालावी, सेव्ह करावी, तिच्यात काही रेकॉर्ड लिहावीत, ती डिलीट करावी आणि मग रिस्टोअर करून बदल चढवावेत. नवीन ऑपरेटरला शिकवण्यासाठी हा प्रयोग उत्तम आहे, कारण थांबण्याचा क्रमांक एकने चुकवला तर काय होते हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

प्रश्न: नव्या फाइलींचे जर्नलिंग सोमवारी सुरू केले. रविवारचा सेव्ह आहेच. पुढच्या रविवारपर्यंत थांबले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. रविवारची प्रत जर्नलिंगच्या आधीची आहे, तिच्यात ओळख नाही, आणि सोमवारपासूनच्या नोंदी तिच्यावर चढवता येणार नाहीत. जर्नलिंग सुरू केल्यावर त्याच दिवशी सेव्ह घ्यावा. जर्नलिंग काही कारणाने थांबवून पुन्हा सुरू केले, तरी हाच नियम लागू आहे. रात्रीच्या एखाद्या जॉबमध्ये वेग वाढावा म्हणून जर्नलिंग बंद करून सकाळी चालू करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या पद्धतीत रोज सकाळी मागचे सगळे सेव्ह पुढच्या नोंदींसाठी निरुपयोगी होतात.

प्रश्न: आमचा सेव्ह ‘सेव्ह व्हाइल अ‍ॅक्टिव्ह’ने, लोक काम करत असतानाच होतो. अशा प्रतीवर बदल चढवता येतात का?

उत्तर: येतात. सुरुवातीची जागा मात्र सिस्टिमवर सोडावी, म्हणजे ‘शेवटच्या सेव्हपासून’ हेच मूल्य द्यावे. अशा सेव्हमध्ये चेकपॉइंटचा क्षण (ज्या क्षणाची अवस्था सेव्ह होते तो) आणि टेपवर लिहून संपल्याचा क्षण यांत बरेच अंतर असू शकते, आणि प्रत चेकपॉइंटच्या क्षणाची असते. सिस्टिम त्यासाठी सेव्ह सुरू झाल्याची स्वतंत्र नोंद जर्नलमध्ये ठेवते आणि तेथूनच मोजते. सेव्ह संपल्याच्या वेळेपासून आपण हाताने सुरुवात केली, तर मधले बदल गळतील. कमिटची वाट न पाहता सेव्ह करण्याचा पर्याय आपण वापरत असाल, तर प्रतीत अर्धवट व्यवहार असू शकतात. अशी फाइल रिस्टोअर झाल्यावर बदल चढवून किंवा मागे घेऊन ती पूर्ण केल्याशिवाय सिस्टिम ती कोणाला वापरू देत नाही. त्यामुळे अशा सेव्हच्या टेपसोबत त्या काळातले रिसीव्हरही त्याच पेटीत असले पाहिजेत.

प्रश्न: ‘अप्लाय’ कमांड चालू असताना चौकशीचे प्रोग्राम चालू ठेवता येतील का? निदान वाचण्यापुरते?

उत्तर: नाही. कमांडला फाइलींवर संपूर्ण ताबा लागतो. एखादा वेब सर्व्हरचा किंवा डेटाबेस सर्व्हरचा जॉब फाइल उघडून बसला असेल, तर कमांड सुरूच होणार नाही; ‘वर्क विथ ऑब्जेक्ट लॉक्स’ने तो शोधून आधी थांबवावा.